कावळा शिवला, पुढे काय?

श्रीगोंद्याकडे दशक्रियेच्या घाटावर माइक असतो. महाराजांचं प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच बोलतात, कारखान्याचे संचालक बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात. निवडणूक तोंडावर असली तर इच्छुक उमेदवारही. जिचा नवरा गेला ती तेवढी बोलत नाही.

‘आपल्याकडे दुःख हलकं करायला माणसं आहेत, समुपदेशन हे एकट्या पडलेल्या पाश्चात्त्यांचं खूळ,’ असं कुणी ठासून सांगितलं की मला हा घाट आठवतो.

पूर्वपक्ष पोकळ नाही. सुतक, दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध ही रचना शहाणपणाची आहे. बहुतेकांचं दुःख तिच्या आणि भावकीच्या आधाराने निवळतं. अशा सगळ्यांना सरसकट समुपदेशन देऊन फारसं काही साधत नाही, असंच संशोधनही सांगतं. प्रश्न उरलेल्यांचा आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जो अंदाज निघाला, तो साधारण दहांत एकाचा.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये लांबलेल्या शोकाला आपल्या विकारसूचीत घेतलं, तेव्हा प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची अट घातली. (जागतिक आरोग्य संघटनेची अट सहा महिन्यांची.) म्हणजे आपलं वर्षश्राद्ध उरकतं, तिथे त्यांचं निदान सुरू होतं. त्यानंतरही एखादी रोज गेलेल्या नवऱ्याचं ताट वाढत असेल, विहिरीकडची वाट टाळत असेल, तर तिच्यासाठी आपल्याकडे कोणता विधी आहे? ‘पोरांकडं बघून सावर’ एवढंच. नवऱ्याने आत्महत्या केली असेल, तर येणारा-जाणारा विचारतो, ‘कर्ज किती होतं?’ ही पंचनाम्याची भाषा झाली.

‘बोलून काय होतं?’ हा दुसरा आक्षेप. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांची अशा शोकावरची उपचारपद्धती १६ बैठकांची आहे. मृत्यूची हकिगत माणसाने स्वतः सांगायची, तिचं ध्वनिमुद्रण घरी पुन्हा ऐकायचं, टाळलेल्या जागी हळूहळू जायचं. शिवाय गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात समोरासमोर बोलायचं, त्याची उत्तरंही आपणच द्यायची. हे परकं वाटतं? मग पिंडाला कावळा शिवेना की आपण काय करतो? ‘पोरीचं लग्न लावून देतो, काळजी करू नको,’ असं मृतालाच मोठ्याने सांगतो. ही विद्या आपल्याला ठाऊक होती. फक्त आपण ती एका सकाळपुरती ठेवली, आणि तीही बहुधा पुरुषांच्या तोंडी.

‘गोळी द्या, झोप लागेल,’ म्हणणाऱ्यांसाठी शिअर यांचाच २०१६ चा प्रयोग आहे, ३९५ जणांवरचा. सिटालोप्रॅम या नैराश्यावरच्या गोळीने शोकाच्या उपचारात विशेष भर पडली नाही. बोलण्याच्या उपचाराबरोबर घेतली तेव्हा उदासी मात्र जास्त कमी झाली. गोळी निरुपयोगी नाही. तिचं काम वेगळं आहे.

‘खेड्यात हे करणार कोण?’ हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पण गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने आणि अमरावतीत ‘विश्राम’ प्रकल्पाने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून हे काम करून दाखवलं. ते मुख्यतः नैराश्यासाठी होतं, तरी वाट तीच. शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी २०१५ मध्ये राज्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत. या दोन्हींच्या बाहेरचं श्रीगोंदं त्या नकाशात आलं नाही.

आपल्याकडे प्रथम पुण्यस्मरणाला फ्लेक्स लागतो, कीर्तन होतं. माइक हातात घेणाऱ्यांना विनंती आहे: त्या दिवशी एक भाषण कमी करा आणि एक क्रमांक दोनदा सांगा. १४४१६, टेलिमानस. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.