धानाच्या हंगामात डेस्कटॉपची काळजी : सीपीयूमधली धूळ घरी सुरक्षितपणे कशी काढाल?

गोंदिया जिल्हा धानाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी होते, चुरणी सुरू होते, राईस मिल रात्रंदिवस चालतात. त्या दिवसांत भुशाची बारीक धूळ खिडकीच्या जाळीतून घरात येते आणि कॉम्प्युटरचा पंखा ती हवेबरोबर आत ओढून घेतो. उर्दूत 'गर्द' म्हणजे धूळ आणि मराठीत 'गर्द' म्हणजे दाट. आमच्या शाळेतल्या सीपीयूचं झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा दोन्ही अर्थ एकदमच कळले!

झालं असं की मे महिन्यात तो कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं चालायचा आणि आपोआप बंद पडायचा. शिष्यवृत्तीची कागदपत्रं, निकालपत्रकं, इनपेजमध्ये टाईप केलेल्या कितीतरी वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका, सगळं त्यातच. एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच 'मदरबोर्ड गेला' असं सांगून टाकलं. आम्ही झाकण उघडून पाहिलं तर प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा जाड थर बसलेला. तो काढला आणि मशीन पुढे तीन वर्षं चाललं. म्हणून कॉम्प्युटर असा बंद पडत असेल तर नवीन भाग विकत घेण्याआधी, फॉरमॅट मारण्याआधी, एकदा धूळ बघा.

कारण साधं आहे. प्रोसेसर चालताना तापतो, हीटसिंक ती उष्णता घेते आणि पंखा ती बाहेर ढकलतो. पात्यांमधली वाट बंद झाली की उष्णता तिथेच अडकते. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात. म्हणजे पंखा जी हवा आत घेतो तीच गरम.

आता सफाई. पण त्याआधी महत्त्वाच्या फाईली पेन ड्राइव्हवर घ्या. मशीन लवकर बंद पडत असेल तर सकाळी, खोली थंड असताना चालू करून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, तरीही टाळू नका.

मग कॉम्प्युटर नीट शटडाऊन करा, मागचं बटण बंद करा आणि पॉवरची केबल काढूनच टाका. काही जण म्हणतात की प्लग लावून ठेवावा, म्हणजे अर्थिंग मिळतं. आपल्या किती घरांत अर्थिंग खरोखर चालू आहे? प्लग काढलेलाच बरा. बाकीच्या वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाईलवर एक फोटो घ्या. सगळं सुटल्यावर समोरचं पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली बरीचशी वीज निघून जाते.

डबा अंगणात किंवा गच्चीवर न्या. तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधा. धानाच्या भुशात सिलिका भरपूर असते, ती छातीत जायला नको. हिवाळ्यात हवा कोरडी असते, टेरिकॉटच्या कपड्यांतून अंगावर स्थिर वीज साठते. म्हणून आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा.

साधन म्हणून रंगकामाचा नवा, मऊ केसांचा एक इंची ब्रश आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा हातातला ब्लोअर पुरे. ब्लोअर एक फूट लांब धरा आणि थोडा थोडा वेळच मारा. पंख्याचं पातं बोटाने किंवा पेन्सिलीने अडवून धरा. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरतो, मुलांना मजा वाटते, पण त्यात बेअरिंग खराब होते आणि मग पंखा कायमचा घरघरतो. हीटसिंकच्या पात्यांत ब्रश हलक्या हाताने फिरवा, निघालेली धूळ ब्लोअरने उडवा. हीटसिंक मात्र उगाच उपटू नका. ती काढली तर जुना थर्मल पेस्ट पुसून नवा, मूगदाण्याएवढा, लावावाच लागतो.

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून घेणारे लोक मी पाहिलेत. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, दाबही फार. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचं नळकांडं बोर्डाजवळ नेलं तर स्थिर विजेचा धोका. ओलं फडकं, सॅनिटायझर, रॉकेल यांपैकी काहीच आत नको.

एसएमपीएस, म्हणजे ज्या लोखंडी डबीत पॉवर केबल लागते ती, कधीही उघडू नका. तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीवघेणी वीज राहू शकते. बाहेरूनच जाळीवर ब्रश मारा, जाळीतून ब्लोअर द्या, बस. धुळीत पाल मरून चिकटली असेल किंवा जळका वास येत असेल तर ती डबी बदलून घ्या.

उंदरांचंही सांगायला हवं. धान घरात असलं की उंदीर असतात आणि मागची एखादी पत्र्याची पट्टी निघालेली असली की सीपीयूच त्यांचं घर होतं. आत लेंड्या दिसल्या तर ब्लोअर लावूच नका. आधी हातमोजे घालून कागदाने त्या उचला, मग बाकीची धूळ. उघडी फट पत्र्याच्या पट्टीने बंद करा.

सगळं जोडून मशीन चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली आणि बीप बीप वाजलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा रॅम हललेली असते. प्लग पुन्हा काढा, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हळूच फिरवा, चुरा झटका आणि 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. तारीख मागची दाखवत असेल तर बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, संपला आहे. तारीख चुकलेली असली की सरकारी वेबसाईटही उघडत नाहीत आणि आपण नेटवाल्याला बोल लावत बसतो.

वर्षातून दोनदा सफाई पुरते. एकदा चुरणी आटोपल्यावर डिसेंबरअखेर, दुसऱ्यांदा उन्हाळी धान निघाल्यावर, पावसाआधी. पावसाळ्यात हीच धूळ ओल धरते आणि बोर्डावर चिखलासारखी चिकटते. डबा जमिनीवर न ठेवता वीतभर उंच स्टुलावर ठेवा. आणि बऱ्याच घरांत, ऑफिसात, कॉम्प्युटरवर प्रेमाने शिवलेलं कापडी कव्हर असतं, ते मशीन चालू असताना काढून ठेवत जा.