साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

बांधकामाचे नियम हा विषय आपल्या व्यासपीठांवर सहसा येत नाही. जमीन, शिक्षण, राखीव जागा, अत्याचार यांवर आपण बोलतो, आणि बोलायलाच हवे. पण दोन इमारतींत अंतर किती असावे, जिना किती रुंद असावा, हे इंजिनिअर मंडळींचे काम म्हणून आपण सोडून देतो. या उदासीनतेची किंमत कोण मोजतो, ते मुंबईच्या इतिहासात पाहता येते.

मला हा विषय सुचला तो मात्र शेळगावमुळे. इंदापूर तालुक्यातले हे माझे गाव. लहानपणी आमच्या वस्तीतली बरीच घरे उसाच्या पाचटाने शाकारलेली होती, कुडाला कूड लागलेला. एका उन्हाळ्यात चुलीतली ठिणगी उडाली आणि पाठोपाठ तीन छपरे गेली. आम्ही हंडे-कळश्या घेऊन धावलो. बंब आला तोवर विझवायला काही उरले नव्हते. माणसे वाचली. माझ्या थोरल्या चुलत्यांचा शाळेचा आणि जातीचा, दोन्ही दाखले राखेत गेले. भरपाई मागायला गेले तर त्यांच्याकडे आधी घराचा उतारा मागितला. उतारा नव्हता. म्हणजे जळाले ते घर नव्हतेच! ज्याची घर म्हणून नोंद नाही, त्याला नियम तरी कुठला लागू होणार?

शहरात नियम होते. ते संकटातून जन्माला आले. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात भीषण आग लागली आणि त्यानंतर कोटाबाहेर, उत्तरेला मोठी वस्ती वाढत गेली. पण घराच्या आतल्या उजेड-वाऱ्याकडे सरकारचे लक्ष गेले ते १८९६ च्या प्लेगने. मांडवीत साथ सुरू झाली. अंधाऱ्या, कोंदट खोल्या हेच रोगाचे मूळ, असे अधिकाऱ्यांनी ठरवले. घरांवर ‘यू.एच.एच.’ अशी अक्षरे रंगवण्यात आली. माणसाच्या राहण्यास अयोग्य, हा त्यांचा अर्थ. १८९८ साली कायदा होऊन सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने गरिबांच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. पाडण्याची घाई मोठी होती, बांधण्याची नव्हती. उठवलेली माणसे शेजारच्या मोहल्ल्यात शिरली आणि तिथली दाटी आणखी वाढली.

तरीही याच ट्रस्टच्या हातून एक मोलाची गोष्ट झाली. जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांनी १९१२ च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. नियम साधा आहे. तळमजल्याच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढा. तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा नको. म्हणजे इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर सोडा. प्लेगविषयीचे त्यांचे निदान चुकले होते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. पण क्षयाच्या बाबतीत उजेड आणि वारा खरोखरच औषध ठरतात.

ट्रस्टने परळला, पोयबावडीजवळ बांधलेल्या चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ पर्यंत राहिले. त्या दोन खोल्यांविषयी आपण भक्तिभावाने बोलतो. त्या प्लेगनंतरच्या गृहनिर्माणातून उभ्या राहिल्या, हे मात्र आपण क्वचितच ध्यानात घेतो. पुढे बीडीडी चाळी आल्या: वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि मजल्याला मिळून संडास. आपल्या कितीतरी माणसांना शहराने पहिला पक्का पत्ता दिला तो या चाळींचा.

आता आगीकडे. १४ एप्रिल ही तारीख आपल्या लेखी जयंतीची. १९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावरच्या स्फोटकांचा आणि कापसाचा भडका उडाला. त्यात अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. म्हणून त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. मिरवणुकीच्या वाटेवर त्याचे फलक दिसतात. आपण ते वाचत नाही.

स्वातंत्र्यानंतर नियम सुधारत गेले. राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० ची. १९८३, २००५ आणि २०१६ साली ती नव्याने निघाली. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा. त्याने जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली: दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे. मुंबईची नवी नियमावली २०१८ मध्ये आली, उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रासाठीची एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० मध्ये. कागद जाड होत गेला. पण गरिबाच्या इमारतीपाशी आला की याच कागदाला सवलत सुचते. पुनर्वसनाच्या योजनांत सामासिक अंतरे शिथिल झाली. घर फुकट मिळते ना, मग उजेड कशाला हवा, असाच हा हिशेब. वाचलेल्या जागेवर विक्रीच्या इमारती चढतात, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

गोवंडीची नटवर पारेख कंपाउंड ही वसाहत पाहा. प्रकल्पांसाठी उठवलेल्या लोकांच्या सात-आठ मजली इमारती, दोहोंमध्ये जेमतेम तीन मीटर. ऑर यांच्या नियमाने तिथे दहा-अकरा मीटर हवे होते. २०१८ च्या सुमारास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने या परिसरात पाहणी केली. उजेड न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. परक्या सरकारने शंभर वर्षांपूर्वी जे अंतर मोजले, ते आपल्या सरकारने माफ केले, आणि माफी मिळाली ती बिल्डरला. बंबाला उंच इमारतीभोवती फिरायला सहा मीटर लागतात. तीन मीटरच्या बोळात तो शिरणार कसा?

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत तळाशी उभ्या वाहनांना आग लागली. धूर वर चढला. किमान सात जण गेले. नंतर चर्चा झाली ती रहिवाशांनी खाली काय साठवले होते याची. यंत्रणा बसवणे आणि सांभाळणे हा खर्च, महिनाअखेर पगार न पुरणाऱ्या माणसांच्या सोसायटीने करायचा, हे कुणी ठरवले, याची चर्चा फारशी झाली नाही.

नियमावली बदलताना १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी महिन्याभराची मुदत मिळते. बिल्डरांच्या संघटना त्या महिन्यात वकिलासह हजर असतात. आपल्या संघटनांच्या हरकती कितीशा जातात? यंदा वर्गात मी अशी एक सूचना वाचायला दिली. मराठीतच होती, तरी निम्मे शब्द मुलांना परके. आमच्याच भागातल्या एका मुलीने विचारले, “सर, सामासिक अंतर म्हणजे काय?” मी फळ्यावर दोन घरे काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. तिने घरची टेप लावली होती. तिचे घरकुल आणि शेजारचे घरकुल यांत अडीच फूट, आणि त्या अडीच फुटांत सरपण रचलेले.