साऊथ बेंड : एका शहराच्या अनेक साक्षी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, इंडियाना राज्याच्या उत्तर सीमेजवळ, सेंट जोसेफ नदी दक्षिणेचे टोक गाठते आणि तेथून पुन्हा उत्तरेस, मिशिगन सरोवराकडे वळते. त्या वळणावर वसले म्हणून शहराचे नाव साऊथ बेंड. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १,०३,४५३ भरली. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी नोत्र दाम विद्यापीठाचे नाव ऐकले असेल; ते याच शहराच्या उशाशी आहे. मात्र तेथील माणसे त्या फ्रेंच नावाचा उच्चार 'नोटर डेम' असा करतात आणि तोच बरोबर मानतात.

या शहरात राहणे कसे, असा प्रश्न तेथील रहिवाशांना केला, तर उत्तरांचा मेळ बसत नाही. कोणी म्हणतो, बेताच्या पगारातही येथे अंगण असलेले घर घेता येते, पाव तासात कामावर पोहोचता येते, शिकागोला जायला आगगाडी आहे. आणखी काय हवे? दुसरा म्हणतो, ज्याला जाता आले तो केव्हाच निघून गेला. तिसऱ्याला सरोवरावरून येणारे ढग आणि त्यांतून पडणारा बर्फ असह्य होतो. चौथी बाई म्हणते, शेजारधर्म अजून शाबूत आहे. पाचवी विचारते, कोणाच्या गल्लीत? पाचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. येथे मात्र पाच मुखे पाच शहरांविषयी बोलत आहेत की काय, असे वाटते. त्यांतील कोणी खोटे बोलतो असे आम्हांस वाटत नाही. प्रत्येकाचे शहर वेगळ्या वर्षी सुरू झालेले आहे, एवढेच. ती वर्षे कोणती, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

पहिल्या रहिवाशांचे मत कोणी विचारलेच नव्हते. हा मुलूख पोतावातोमी लोकांचा. १८२० साली प्येर नावार आणि १८२३ साली आलेक्सी कोकियार हे केसाळ कातड्यांचे व्यापारी नदीकाठी येऊन राहिले. त्यांच्यामागून वसाहतवाले आले आणि त्यांच्यामागून सरकार. सप्टेंबर १८३८ मध्ये, येथून दक्षिणेस असलेल्या ट्विन लेक्स येथून साडेआठशेच्या वर पोतावातोमींना बंदुकीच्या धाकाने कॅन्ससच्या दिशेने चालवत नेण्यात आले. वाटेत चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्या वाटेला पुढे 'मृत्यूची वाट' असे नाव पडले. फादर बेंजामिन पेती हे तरुण फ्रेंच धर्मगुरू आपल्या या भाविकांसोबत चालले. परतताना ते सेंट लुईस येथे आजारी पडले आणि फेब्रुवारी १८३९ मध्ये मरण पावले. त्यांचे वय २७ होते. त्यांच्या अस्थी आज नोत्र दामच्या परिसरातील लाकडी प्रार्थनामंदिरात विसावल्या आहेत. काही पोतावातोमी मात्र जागचे हलले नाहीत. लिओपोल्ड पोकॅगन या त्यांच्या कॅथलिक पुढाऱ्याने जवळच मिशिगनमध्ये जमीन विकत घेतली आणि आपल्या माणसांना तेथे राखले. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. आम्हांला त्याच्याकडे परत यायचे आहे.

१८४२ साली होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन काही ब्रदरांसह येथे आले व त्यांनी विद्यालय काढले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८५२ मध्ये, हेन्री आणि क्लेमंट स्टुडबेकर या दोन भावांनी गावात लोहाराची भट्टी पेटवली. शहराची पुढची सारी कथा या दोन आरंभांभोवती फिरते, आणि तेथील मतभेदांचेही मूळ बहुतांशी त्यांतच सापडते.

स्टुडबेकर बंधू गाड्या बनवू लागले. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला त्यांनी वॅगनी पुरवल्या. शतक संपेतो त्यांचा कारखाना जगातल्या मोठ्या वॅगन-कारखान्यांत गणला जाऊ लागला, आणि विसाव्या शतकात तो मोटारींकडे वळला. जेम्स ऑलिव्हर यांचा नांगरांचा कारखाना येथलाच. पुढे बेंडिक्सचाही आला. या भट्ट्यांच्या उबेला पोलंडहून, हंगेरीहून, जर्मनीहून माणसे आली, आणि दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे आली. पोलिश लोकांनी संत हेडविग, संत कासिमिर, संत अडालबर्ट अशी एकामागून एक धर्मग्रामे उभी केली. हंगेरियनांनी आपल्या संत स्टीफनचे देऊळ वेगळे बांधले. बाप, मुलगा आणि कधी नातूही एकाच कारखान्यात. कंपनी तर आपल्या जाहिरातींत अशा बाप-लेकांच्या जोड्यांचा अभिमानाने उल्लेख करीत असे. ज्यांचे बालपण या काळात गेले, त्यांच्या लेखी साऊथ बेंड म्हणजे शिफ्टचा भोंगा, रविवारची मिस्सा आणि पास्काच्या दुसऱ्या दिवशीचा डिंगस डे. हा मूळचा पोलिश खेळीमेळीचा सण. साऊथ बेंडमध्ये त्याला राजकीय सभेचेही रूप आले, आणि १९६८ च्या निवडणुकीत रॉबर्ट केनेडीही त्यासाठी येथे आले होते.

तोवर भोंगा बंद झाला होता. ९ डिसेंबर १९६३ रोजी स्टुडबेकर कंपनीने साऊथ बेंडमधील मोटारींचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. कॅथलिक घरांत त्यांच्या तसबिरी अजून फुलांनी झाकलेल्या असतील. २० डिसेंबरला शेवटची मोटार बाहेर पडली. नाताळ पाच दिवसांवर आला होता. सुमारे सात हजार माणसांची नोकरी गेली, पण नोकरीहून मोठा घाव निवृत्तिवेतनाचा बसला. त्या निधीत पुरेसे पैसेच नव्हते. जे निवृत्त झाले होते किंवा ज्यांनी साठी गाठली होती अशा सुमारे ३,६०० जणांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे चार हजार जणांच्या हाती त्यांच्या हक्काच्या रकमेचा साधारण १५ टक्के भाग पडला. त्यांहून तरुण असलेल्यांना काहीच नाही. एकाच यंत्रावर शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या दोन माणसांत केवळ जन्मतारखेने असे अंतर पडले. ५९ वर्षांच्या कामगाराने त्या नाताळात आपल्या ६० वर्षांच्या सोबत्याकडे कसे पाहिले असेल? असे प्रसंग धर्मगुरूला आपल्या दारात भेटतात आणि त्याच्यापाशीही उत्तर नसते. हे प्रकरण देशभर गाजले. १९७४ साली अमेरिकेत कामगारांच्या निवृत्तिवेतनाला संरक्षण देणारा जो कायदा झाला, त्याच्या मागे स्टुडबेकरच्या कामगारांचा हा अनुभव मोठा आहे. आज त्या देशातील लाखो निवृत्तांना ज्याचा आधार आहे, त्याची किंमत या एका शहराने आधीच चुकती केली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. १९६० साली शहराची लोकसंख्या १,३२,४४५ होती. २०१० साली ती १,०१,१६८ वर आली.

येथवर जे सांगितले ते एका साऊथ बेंडचे वैभव आणि त्याचा ऱ्हास. पण हे 'सुवर्णयुग' सर्वांचे नव्हते. १९२२ साली शहराच्या पश्चिम भागात सार्वजनिक पैशाने तरणतलाव उभा राहिला. कृष्णवर्णीयांना तेथे १९३६ पर्यंत प्रवेशच नव्हता. नंतर त्यांच्यासाठी वेगळी वेळ नेमण्यात आली, आणि सरसकट प्रवेश मिळाला तो १९५० साली. कर भरायचा, पण पाण्यात उतरायचे नाही. आपल्या देशात पाणवठ्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला यावर अधिक सांगणे नलगे. त्याच १९५० साली काही कृष्णवर्णीय कुटुंबांनी, ज्यांतील बहुतेक कमावते पुरुष स्टुडबेकरमध्ये कामाला होते, एकत्र येऊन संस्था काढली आणि पुष्कळ अडथळे पार करून नॉर्थ एल्मर स्ट्रीटवर २२ घरे बांधली. कोणी त्यांना घरे विकत देत नव्हते, म्हणून त्यांनी गल्लीच उभी केली. त्या गल्लीत वाढलेल्या मुलीला 'जुने दिवस चांगले होते का?' असे विचारले, तर ती कोणत्या दिवसांविषयी, कोणासाठी, असे विचारणारच. तो तरणतलाव १९७८ मध्ये बंद पडला. २०१० पासून त्याच वास्तूत नागरी हक्कांच्या इतिहासाचे केंद्र आहे.

आणि विद्यापीठ? ते शहराच्या हद्दीबाहेर, स्वतःच्या टपालाच्या पत्त्यासह उभे आहे. मे १९२४ मध्ये कॅथलिकद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅनने शहरात मेळावा भरवला, तेव्हा नोत्र दामचे विद्यार्थी रस्त्यावर उतरून त्यांना भिडले. ही कथा तेथे आजही चवीने सांगितली जाते. कारखाने गेले तरी विद्यापीठ राहिले आणि आज परगण्यातील सर्वांत मोठा रोजगार तेच देते. तरीही कित्येक रहिवासी त्याच्याविषयी दुरून बोलतात. आमच्या ओळखीच्या एका घरचा मुलगा तेथे काही वर्षे शिकून आला. या सर्व काळात शहराच्या पश्चिम वस्तीत आपण दोनदाच गेलो, असे त्याने मोकळेपणी सांगितले. शहर कसे आहे, असे विचारल्यावर तो 'फार सुंदर' म्हणाला. तेही खरेच होते.

जानेवारी २०११ मध्ये 'न्यूजवीक'ने मरणपंथास लागलेल्या दहा अमेरिकन शहरांची यादी दिली, तीत साऊथ बेंडचे नाव होते. घरच्या माणसाने घराला नावे ठेवणे वेगळे, परक्याने ठेवणे वेगळे. एरव्ही शहराविरुद्ध कुरकुरणारे लोकही या यादीने दुखावले. २०१२ मध्ये पीट बुटिजेज हे तिशीच्या आतील महापौर अधिकारावर आले. २०१३ साली त्यांनी हजार दिवसांत हजार ओसाड घरे एकतर दुरुस्त करण्याचा किंवा पाडण्याचा संकल्प सोडला, आणि तो मुदतीच्या आत पुरा झाला. बहुतेक घरे पाडलीच गेली. यावरही मते दोन. शेजारच्या पडक्या घरातील उपद्रवाने त्रस्त झालेल्या म्हातारीला सुटका वाटली. परंतु गरीब वस्त्यांत काहींच्या वाडवडिलांचे घर असेच गेले. दुरुस्तीला पैसा नाही आणि दंड वाढत चाललेला. जेथे घर होते तेथे आता गवत आहे. जून २०१९ मध्ये पोलिसाच्या गोळीने एका कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यू झाला, तेव्हा भर सभेत महापौरांना जे ऐकावे लागले, त्यात एका रात्रीचा नव्हे, कित्येक वर्षांचा संताप होता. या दशकात एक नोंद मात्र वेगळी झाली : २०२० च्या शिरगणतीत, पूर्वीच्या घसरगुंडीनंतर, लोकसंख्या थोडी का होईना वाढली.

वाढीचे कारण पाहावयाचे तर संत अडालबर्टच्या देवळात जावे. पोलिश हातांनी उभारलेल्या त्या मंदिरात आज स्पॅनिश भाषेत मिस्सा होते आणि बाके मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांनी भरतात. त्यांचे साऊथ बेंड आता कोठे सुरू होत आहे. त्यांना स्टुडबेकरची आठवण नाही, म्हणून तिचे दुःखही नाही. आपली भीती आणि आपल्या आशा त्यांनी सोबत आणल्या आहेत.

आता पोकॅगन. त्या लोकांना १९९४ साली केंद्र सरकारची मान्यता पुन्हा मिळाली. २०१६ मध्ये साऊथ बेंडमध्ये त्यांची काही जमीन त्यांच्या नावे राखीव झाली. जेथून त्यांच्या भाऊबंदांना हाकलून दिले होते, त्या मुलखात ते कायद्याने जमीनधारक म्हणून परतले. २०१८ साली तेथे त्यांनी जुगारगृह उघडले. धर्मगुरू या नात्याने जुगाराविषयीचे आमचे मत वाचकांना ठाऊकच आहे. परंतु शेकडो नोकऱ्या त्याने दिल्या, हेही नमूद केले पाहिजे. शहराच्या मध्यभागी, स्टुडबेकरच्या जुन्या इमारतींपासून जवळच, बेसबॉलचे मैदान आहे. २०१३ पासून त्याला पोकॅगनांच्याच या उद्योगाचे नाव आहे. जुगारगृह शहराला लाभले की बाधले, यावर रहिवाशांत एकमत नाही, आणि पोकॅगन लोकही आता त्या रहिवाशांपैकीच आहेत.