पॅच कोणत्या ट्रीवर लिहायचा? लिनक्स कर्नेलमधील एका जुन्या पेचाचा इतिहास

१९९८चा सप्टेंबर संपत आला होता. लिनक्स कर्नेलची २.२ ही आवृत्ती तोंडावर आलेली असताना काही विकसकांच्या ध्यानात आले, की आपण लिहिलेल्या दुरुस्त्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या प्रतीत कुठेच दिसत नाहीत. त्या हरवल्या नव्हत्या. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात ‘व्हीगर’ नावाच्या यंत्रावर त्या सुखरूप होत्या. तेथे डेव्हिड मिलर कर्नेलची एक स्वतंत्र प्रत सांभाळत, आणि अनेक जण आपले काम तिथे जमा करून निश्चिंत होत. टॉरव्हाल्ड्स यांनी मात्र त्या प्रतीला आपल्या लेखी महत्त्व नाही, असे कडक शब्दांत सुनावले आणि काही दिवसांची सुट्टी घेऊन ते वादातून बाजूला झाले.

या भांडणाचे मूळ समजण्यासाठी ‘सोर्स ट्री’ म्हणजे काय, हे आधी पाहावे लागते. कर्नेलचा कोड हजारो फाइलींत विभागलेला असतो आणि त्या फाइली झाडाच्या फांद्यांसारख्या एकातून एक फुटणाऱ्या फोल्डरांत ठेवलेल्या असतात, म्हणून त्या संपूर्ण प्रतीला ‘ट्री’ म्हणतात. पॅच म्हणजे या प्रतीतील फरकाची चिठ्ठी: अमुक ओळ काढा, तमुक घाला. लॅरी वॉल यांनी १९८५मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हा प्रोग्राम अशी चिठ्ठी वाचून बदल करतो. जागा ओळखण्यासाठी तो बदलाच्या मागच्यापुढच्या ओळी ताडून पाहतो. त्या ओळी समोरच्या प्रतीत निराळ्या असतील, तर तो बदल नाकारतो. बखरींच्या पाठभेदांशी झटापट केलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. एका नकलेसाठी काढलेले शुद्धिपत्र दुसऱ्या नकलेला लागू पडत नाही.

पॅच बिनतक्रार लागला म्हणजे सारे सुरळीत झाले असेही नाही. ज्या फंक्शनवर तो विसंबून आहे त्याचा अर्थ दुसऱ्या प्रतीत बदललेला असेल, तर चूक मूकपणे आत शिरते. हा धोका अधिक मोठा.

१९९१पासूनची काही वर्षे हा प्रश्नच नव्हता. प्रत एक, ती टॉरव्हाल्ड्स यांची. पण पॅच पाठवणारे वाढले आणि वाचणारा एकटाच राहिला. १९९८च्या त्या वादात लॅरी मॅकव्हॉय यांनी दुखण्यावर बोट ठेवले: कामाचा व्याप वाढतो, तसा लिनस हा माणूस वाढू शकत नाही. पर्यायी प्रती जन्माला आल्या त्या याच अडचणीतून. त्यांना बंडखोरी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

त्यांतील सर्वांत मानाची प्रत ब्रिटनच्या अ‍ॅलन कॉक्स यांची. आवृत्तीच्या क्रमांकापुढे त्यांच्या नावाची ‘एसी’ ही आद्याक्षरे लागत. २००१च्या सप्टेंबरात या दोन प्रतींमधील अंतर उघडे पडले. २.४ ही मालिका स्थिर म्हणून जाहीर झालेली असतानाच, २.४.१० या आवृत्तीत टॉरव्हाल्ड्स यांनी स्मृतीव्यवस्थापनाचा गाभाच बदलला. रिक व्हान रील यांची रचना जाऊन आंद्रेआ आर्कान्जेली यांची आली. कॉक्स यांनी मात्र आपल्या प्रतीत काही काळ व्हान रील यांचीच रचना ठेवली. एकाच क्रमांकाच्या स्थिर कर्नेलला आता दोन वेगळी हृदये होती. स्मृतीव्यवस्थापनात दुरुस्ती करू पाहणाऱ्याला पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच बाजू निवडावी लागे, आणि एका प्रतीसाठी केलेले कित्येक रात्रींचे काम दुसऱ्या प्रतीत कवडीमोल ठरे.

२००२च्या जानेवारीत रॉब लँडली यांनी सुचवले, की हरवणारे पॅच गोळा करण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी नेमावा. टॉरव्हाल्ड्स यांनी ते मानले नाही. त्यांचे म्हणणे असे, की आपण विश्वासातल्या मोजक्या लोकांबरोबरच काम करू शकतो. इतरांनी आपापल्या विभागाच्या मेंटेनरकडे जावे. तेव्हा अनेकांना हे उत्तर उद्धट वाटले. तरीही कर्नेलची पुढची सारी रचना याच उत्तरावर उभी राहिली, हे मान्य करावे लागते.

त्या रचनेला साधन हवे होते. फेब्रुवारी २००२मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी मॅकव्हॉय यांची ‘बिटकीपर’ ही प्रणाली स्वीकारली. ती खासगी मालकीची, त्यामुळे वाद पेटतच राहिला. २००५मध्ये अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिच्याशी बोलू शकणारे मुक्त साधन लिहायला घेतल्यावर मॅकव्हॉय यांनी फुकट वापराची सवलत काढून घेतली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टॉरव्हाल्ड्स ‘गिट’ लिहायला बसले आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये राहू लागला. आता प्रत्येक मेंटेनर आपली संपूर्ण ट्री बाळगू शकत होता आणि ती वरच्या ट्रीत इतिहासासकट विलीन होऊ शकत होती. १९९८मध्ये भांडणाचे कारण ठरलेली अनेक ट्रींची व्यवस्था आता राजमान्य झाली.

यानंतर पॅचची वाट ठरून गेली. वायफायच्या ड्रायव्हरमधील एखादी नवी सोय आधी ‘वायरलेस-नेक्स्ट’मध्ये जाते, तिथून ‘नेट-नेक्स्ट’मध्ये, आणि मग टॉरव्हाल्ड्स यांच्या ट्रीत. नेटवर्किंगच्या दोन ट्री आहेत: ‘नेट’ ही चालू आवृत्तीतील दोषांच्या दुरुस्तीसाठी, ‘नेट-नेक्स्ट’ ही नव्या कामासाठी. प्रत्येक आवृत्तीनंतर सुमारे दोन आठवडे टॉरव्हाल्ड्स नवे काम आत घेतात. त्या काळात ‘नेट-नेक्स्ट’चे दार बंद असते. पॅचच्या विषयओळीतच ट्रीचे नाव लिहिण्याचा या विभागाचा शिरस्ता आहे.

नवख्याची फसगत होते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिली, आपल्या संगणकावर उबुंटू किंवा फेडोराबरोबर आलेला कर्नेल. ती वितरकाची प्रत. त्यातला दोष मूळ ट्रीत कधीच दुरुस्त झालेला असू शकतो. दुसरी ‘लिनक्स-नेक्स्ट’. अँड्र्यू मॉर्टन पूर्वी आपल्या ‘एमएम’ प्रतीत सर्वांच्या ट्री एकत्र जुळवत. तो भार असह्य झाल्यावर फेब्रुवारी २००८मध्ये ऑस्ट्रेलियातील स्टीफन रॉथवेल यांनी ही एकत्रित ट्री सुरू केली. शेकडो ट्रींचे आपसातले तंटे वेळीच दिसावेत, एवढाच तिचा हेतू. ती कामाच्या दिवशी रोज नव्याने बांधली जाते, म्हणून कालच्या तिच्यावर रचलेल्या कामाला आज पाया उरत नाही. तिच्यावर चाचणी करावी. घर बांधू नये.

मार्च २००५पासून ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी चालवलेल्या ‘स्टेबल’ ट्रीचा नियम याहून कठोर: दुरुस्ती आधी टॉरव्हाल्ड्स यांच्या ट्रीत पोहोचलेली हवी. २००१ची दोन हृदये पाहिलेल्यांना याचे कारण सांगावे लागले नसेल.

कोणत्या फाइलीची ट्री कोणती, हे कर्नेलमधील ‘मेंटेनर्स’ या फाइलीत ‘टी’ अक्षराच्या ओळीवर नोंदलेले असते. २००९पासून ती शोधून देणारी एक छोटी स्क्रिप्टही आहे. २०१६मध्ये गिटच्या २.९ आवृत्तीत आणखी एक सोय आली: पॅच ज्या नेमक्या कमिटवर लिहिला, त्याची चाळीस अक्षरांची खूण पॅचसोबत जोडता येऊ लागली. इंटेलचा चाचणी-रोबो ही खूण वाचून पॅच तपासतो. खूण नसेल तर तो ट्रीचा अंदाज बांधतो, आणि पॅच चुकीच्या ट्रीवर लावला गेला असेल तर कळवावे, अशी विनंती आपल्या अहवालातच करतो.