गोधडी

जुन्या, वापराने मऊ झालेल्या कापडांचे थर एकावर एक अंथरून आणि ते हाताने धावदोरा घालून एकत्र शिवून तयार केलेले अंथरूण वा पांघरूण. तिला वाकळ असेही म्हणतात. तान्ह्या मुलासाठी शिवलेली लहान गोधडी म्हणजे दुपटे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१८५७) गोधडी व वाकळ हे दोन्ही शब्द नोंदलेले आहेत. वाकळ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘वल्कला’शी जोडला जातो. संस्कृतातील या वस्तूचे जुने नाव ‘कंथा’ असे असून भर्तृहरीच्या वैराग्यशतकात जीर्ण कंथा हे विरक्ताचे लक्षण म्हणून आले आहे. बंगालची कांथा हे त्याच शब्दाचे रूप. बिहारमध्ये सुजनी, सिंध व राजस्थानात रल्ली, कर्नाटकात कौदी आणि तेलुगू प्रदेशात बोंत ही तिची भावंडे होत. नांदेड जिल्ह्याच्या सीमा कर्नाटक व तेलंगणाला भिडत असल्याने गोधडी, कौदी व बोंत ही तिन्ही नावे तेथे एका दिवसाच्या प्रवासात कानी पडू शकतात.

गोधडीचा इतिहास लिहिण्यात एक मूलभूत अडचण आहे. तांब्याचे भांडे वा दगडी मूर्ती शतकानुशतके टिकते. गोधडी मात्र वापरून संपते. ती विरली, की तिच्यावर नवे कापड चढते आणि जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. त्यामुळे संग्रहालयांत तिचे फार जुने नमुने क्वचितच मिळतात, आणि जे मिळतात त्यांवर शिवणारणीचे नाव किंवा साल नसते. शिवाय जीर्ण वस्त्राची ही वस्तू दारिद्र्याची खूण मानली गेल्यामुळे ती जपून ठेवण्याचा विचारही फारसा कोणी केला नाही. तिच्या आकृतिबंधांचा उगम शोधावयाचा, तर तिचे कापड, शिवण्याची रीत आणि शिवणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांसमोरील जग यांकडेच वळावे लागते.

मराठवाडा हा कापसाचा मुलूख. गोदावरीच्या खोऱ्यातील गावरानी कापूस प्रसिद्ध होता आणि नांदेडची तलम मलमल व जरीकाठी वस्त्रे एके काळी नावाजलेली होती. निजामी राजवटीत नांदेड येथे उस्मानशाही कापड गिरणी निघाली. ती पुढे बंद पडली. कापूस घरचा असला, तरी विणलेले कापड कुणब्याच्या घरी महागच होते. लुगडे आधी सणावारी, मग रोज नेसले जाई. फाटल्यावर त्याचे परकर, झबली, शिवण-टिपणाची फडकी होत आणि उरलेला भाग गोधडीकडे येई. गोधडीचा वरचा व खालचा पदर साधारणपणे लुगड्याचा असतो. मधल्या थरांत धोतरे, सदरे, पंचे, पटके असे जे असेल ते घातले जाते.

ही कामे बहुधा सुगी उरकल्यावर, उन्हाळ्यात होतात. सारवलेल्या जमिनीवर थर पसरून, सुरकुत्या काढून, कोपऱ्यांवर दगड ठेवतात. कच्चे टाके घालून थर बांधून घेतात आणि मग कडेपासून आत अशा ओळी घालीत मध्याकडे येतात. दोन-तीन स्त्रिया निरनिराळ्या बाजूंनी बसल्या, की काम झपाट्याने पुढे सरकते. वेगवेगळ्या हातांच्या टाक्यांची लांबी वेगवेगळी असते, आणि जाणकार स्त्रीला कोणती बाजू कोणाची हे त्यावरून ओळखता येते. गावोगाव फिरून मजुरीने गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रियाही असत. एका गावचा नमुना दुसऱ्या गावी जाण्याचे ते एक साधन असावे.

गोधडीचा आकृतिबंध आधी कागदावर उतरविलेला नसतो. पहिली सूचना कापडच देते. लुगड्याचा काठ उभा लावला, की चौकट तयार होते; पदराचा तुकडा मध्यभागी येतो; जेथे झिजले तेथे ठिगळ बसते आणि ते गडद असेल, तर दुसऱ्या बाजूस त्याला तोलणारे आणखी एक ठिगळ हवेसे वाटते. सजावटीचा आरंभ असा दुरुस्तीतून होतो. चौकोन, त्रिकोण व पट्टे यांचे प्राबल्य हेही याचेच फळ होय, कारण सरळ कापाने कापड कमी वाया जाते. त्यानंतर रांगोळीतील चौक, तुळशीवृंदावन, गोंदणाचे ठिपके, फुले, पाखरे हे परिचित आकार येतात. कडेकडून मध्याकडे सरकणाऱ्या टाक्यांच्या ओळी पाहून नांगरलेल्या शेताची आठवण होते. हे साम्य केवळ कल्पनेचे म्हणून सोडून देता येत नाही. विनयपिटकातील महावग्गात अशी कथा आहे, की मगधातील बांधांनी विभागलेली भातशेते दाखवून बुद्धांनी आनंदाला भिक्षूंच्या चीवराची रचना तशी करण्यास सांगितले. तुकडे जोडून केलेल्या वस्त्राला शेताचा आकार देण्याचा विचार या देशात इतका जुना आहे.

किनवट, माहूर, कंधार, मुखेड या भागांतील तांड्यांवर राहणाऱ्या बंजारा स्त्रियांचे सुईकाम हाही शेजारचा एक समृद्ध स्रोत आहे. आरसे, कवड्या, नाणी आणि दाट भौमितिक टाके ही त्याची वैशिष्ट्ये [→ भरतकाम]. आरसे-कवड्या अंगाखाली घ्यावयाच्या गोधडीस सोयीच्या नाहीत. रंगांची धीट संगती मात्र सहज उचलता येते.

नमुने पसरण्याचा आणखी एक मार्ग नवरात्राशी निगडित आहे. घटस्थापनेपूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. नांदेडलगतचे विष्णुपुरी आज स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९९४) आणि उपसा जलसिंचन प्रकल्प यांमुळे ओळखले जाते. परंतु गोदावरीकाठच्या अशा गावांत धुण्याचे ते दिवस म्हणजे घरोघरच्या गोधड्या एकाच वेळी उघड्यावर येण्याचे दिवस होत. एरवी घडीत राहणारी वस्तू त्या वेळी शेजारणीच्या नजरेस पडते, आणि पुढच्या उन्हाळ्यातील गोधडीची कल्पना तेथेच सुचू शकते.

ठिगळांच्या वेड्यावाकड्या रचनेचे कौतुक पाश्चात्त्य देशांतही झाले, परंतु उलट्या वाटेने. फिलाडेल्फिया येथील १८७६ च्या प्रदर्शनात जपानी कलावस्तू, विशेषतः तडे गेल्यासारखी झिलई असलेली भांडी, पाहून अमेरिकेतील सुखवस्तू स्त्रियांत अनियमित आकारांचे रेशीम व मखमल जोडून ‘क्रेझी क्विल्ट’ करण्याची लाट आली. सांध्यांवर भरतकामाचे टाके, पंखे, कोळ्याची जाळी, आद्याक्षरे व तारखा असत. ऊब देण्यापेक्षा दिवाणखान्यात मिरविणे हा तिचा हेतू. मागणी इतकी वाढली, की रेशमाचे कारखानदार चिंध्यांची पाकिटे करून विकू लागले. ज्या वर्षी ते प्रदर्शन भरले, त्याच वर्षी महाराष्ट्रात जन्मलेल्या एका पुरुषाने पुढे अंगावर चिंध्या मिरविल्या त्या निराळ्या अर्थाने. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत.

चिंध्या विकत घेण्याची वेळ आता गोधडीवरही आली आहे. सोलापुरी चादर व गिरणीची ब्लँकेटे स्वस्त झाल्यावर घरची गोधडी मागे पडली. आणि त्याच सुमारास शहरांत ती शोभेची वस्तू म्हणून मागविली जाऊ लागली. महिला बचत गटांना त्यातून काम मिळते, ही जमेची बाजू होय. तथापि अशा गोधडीत बहुधा नवे कापड कापून तुकडे करतात, रंग गिऱ्हाइकाच्या पसंतीने ठरतात आणि टाके यंत्राचे असतात. आजीचे लुगडे, बापाचा पटका, लग्नातला खण हे एकाच पांघरुणात ओळखता येणे ही तिची जुनी श्रीमंती. विकाऊ गोधडीत ती आणता येत नाही.

खरा अडथळा कापडाचाच आहे. कृत्रिम धाग्यांच्या साड्या घरोघर आल्या. त्यांचे थर निसटतात, घाम शोषला जात नाही आणि वर्षानुवर्षे वापरूनही त्या सुती लुगड्यासारख्या मऊ होत नाहीत. बाळंतपण जवळ आले, की दुपट्यासाठी जुने सुती लुगडे अजूनही नात्यागोत्यात मागितले जाते.