अक्षर की आकार? घरच्या संगणकावरील मराठीचा इतिहास आणि काही साधे उपाय

मराठी साहित्याच्या इतिहासाची साधने कोणती, असे विचारले असता आपण पोथ्या, बखरी, मोडी दफ्तरे, पत्रव्यवहार, नियतकालिकांचे जुने अंक अशी यादी सांगतो. गेल्या तीन दशकांत या यादीत घरच्या संगणकाची भर पडली आहे. कवितांचे कच्चे खर्डे, प्रबंधांची प्रकरणे, दिवाळी अंकांसाठी लिहिलेले लेख, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार हे सारे आता तेथे साठते. हे साधन सर्वांत नवे असूनही सर्वांत नाशवंत आहे, हे आमच्या लक्षात अलीकडे वारंवार येऊ लागले आहे. साठच्या दशकातील लघुअनियतकालिकांची सायक्लोस्टाइल केलेली पाने पिवळी पडली तरी वाचता येतात. १९९८ साली संगणकावर उतरवलेला मराठी लेख मात्र आज उघडला, तर कंस, टक्केवारीची चिन्हे आणि रोमन वर्ण यांचा ढिगारा समोर येण्याचीच शक्यता अधिक. असे का झाले, आणि घरी संगणक वापरणाऱ्या सामान्य लेखक-अभ्यासकाला त्यावर काय करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभ टंकलेखन यंत्रापासून करणे सोयीचे. यंत्रावर कळा मोजक्याच; शिफ्टची कळ धरली तरी हाती येणारी चिन्हे नव्वदीच्या आसपास. देवनागरीत स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे मिळून कितीतरी अधिक आकार लागतात. छापखान्यातील खिळ्यांची अडचणही हीच होती. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी केलेला खटाटोप आणि सावरकरांची ‘अ’ची बाराखडी यांच्या मुळाशी ती होती. टंकलेखन यंत्राने यावर तोडगा काढला तो अक्षरांचे तुकडे करून. अर्धा ‘ख’ उमटवायचा, त्यापुढे काना द्यायचा, की पूर्ण ‘ख’ झाला. कागदावर हे चालून जाते, कारण कागदावर आकारच उमटतो आणि त्याचे अक्षर करण्याचे काम वाचकाचा डोळा करतो.

संगणकाची गोष्ट वेगळी. त्याच्या स्मृतीत आकार राहत नाही, अंक राहतो. तो अंक कोणत्या अक्षराचा, हे आधी ठरलेले असावे लागते. हा करार पक्का असेल तर मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो, त्यात शब्द शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो.

असा करार करण्याचे काम भारतात बरेच लवकर झाले, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचे काम पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि या कामात मोहन तांबे यांचा वाटा मोठा होता. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यात अंक दिले होते ते अक्षरांना, आकारांना नव्हे. तिच्यासोबतचा ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकही वर्णमालेच्या तर्काने रचलेला आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला; ‘क’च्या कळेवर शिफ्ट धरली की ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’, ‘त’च्या कळेवर ‘थ’. अल्पप्राण-महाप्राणाचा वर्गात शिकवलेला भेद येथे बोटांना कळतो.

तरीही घरोघरी पोहोचली ती दुसरीच व्यवस्था. १९९५ नंतर विंडोज आले, पुढे घरगुती संगणक वाढले, आणि २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लहान गावांतही संगणकाची ओळख करून दिली. या काळात मराठी लिहिण्याचा सोपा मार्ग म्हणजे फाँट. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी ही नावे त्या पिढीतील प्रत्येक अक्षरजुळणी करणाऱ्याच्या ओठी होती. या फाँटांनी मराठी प्रकाशनव्यवहाराचे मोठे काम केले. खिळे जुळवण्याचे कष्ट गेले, पुस्तके देखणी झाली. पण त्यांची युक्ती टंकलेखन यंत्राचीच होती. रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या अंकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच. केवळ चेहरा देवनागरीचा. शिवाय प्रत्येक फाँटाची मांडणी निराळी, त्यामुळे एका फाँटात लिहिलेले दुसऱ्यात उघडले की निरर्थक होई. ‘अक्षर’ या शब्दाची ‘जे क्षरत नाही ते’ अशी व्युत्पत्ती आपण विद्यार्थ्यांना सांगतो. येथे साठवले गेले ते आकार, आणि तेही फाँट असेपर्यंतच टिकणारे.

युनिकोडने हा पेच सोडवला. ऑक्टोबर १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला, आणि त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. प्रत्यक्ष वापर सुरू व्हायला मात्र २००० साल उजाडले. त्या वर्षीच्या विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फाँट. तो रचणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार आणि मराठी कवी होते, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय असली तरी झाकलेली होती. सेटिंगमध्ये जाऊन, मूळ सीडी घालून ती जागी करावी लागे. २००७ च्या व्हिस्टापासून तो खटाटोपही उरला नाही. मधल्या काळात ‘बरहा’, ‘गमभन’ यांसारख्या साधनांनी रोमन कळांवरून उच्चारानुसार मराठी लिहिण्याची सवय लावली. २००३ च्या मे महिन्यात सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडामुळेच उभा राहू शकला.

म्हणजे साधारण १९९० ते २००५ या दीड दशकातील घरगुती मराठी लेखन दोन व्यवस्थांच्या मधल्या फटीत अडकले आहे. आम्हांला येथे मोडीची आठवण होते. मोडी वाचणारे कमी झाले आणि दफ्तरेच्या दफ्तरे मुकी झाली. पण मोडी शिकता येते, आणि २०१४ साली तिलाही युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली. पेशवेकालीन कारकुनाच्या लिपीला संगणकाच्या जगात पक्का पत्ता आहे आणि नव्वदीतल्या कवीच्या फाइलला नाही, हा विरोधाभास केवळ गमतीचा नव्हे. उद्या या काळाच्या साहित्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला छापील पुस्तक मिळेल. त्यामागचा खर्डा, गाळलेले कडवे, बदललेला शेवट मिळणार नाही. पाठचिकित्सा ही ज्यांच्या अभ्यासक्रमातली गोष्ट आहे, त्यांनी तरी याबाबत उदासीन राहू नये.

सुदैवाने उपाय अवघड नाहीत, आणि संगणकतज्ज्ञ असण्याचीही गरज नाही.

पहिले काम ओळख पटवण्याचे. जुनी फाइल उघडून मजकूर निवडावा आणि त्याला ‘मंगल’ किंवा दुसरा युनिकोड फाँट द्यावा. मराठी मराठीच राहिली तर चिंता नाही. रोमन चिन्हे दिसू लागली तर तो आकारांचा मजकूर आहे. वर्डमध्ये आणखी नेमकी खूण मिळते. एखाद्या अक्षरानंतर कर्सर ठेवून ‘आल्ट’ आणि ‘एक्स’ या कळा एकत्र दाबल्या की त्या अक्षराचा संकेत दिसतो. तो ०९ ने सुरू होत असेल तर ते युनिकोडमधले देवनागरी अक्षर. त्याच कळा पुन्हा दाबल्या की अक्षर परत येते.

दुसरे काम रूपांतराचे. जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तके विनामूल्य मिळतात. मात्र ती फाँटनिहाय असतात, म्हणून आधी फाँटाचे नाव टिपून ठेवावे. मूळ फाइल कधीही पुसू नये, प्रतीवरच काम करावे. रूपांतरानंतर मुद्रितशोधन अटळ आहे, आणि त्यात ऱ्हस्व वेलांटी व रफार यांवर विशेष नजर हवी. जुन्या व्यवस्थेत वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी, साठवली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चारक्रमाने नंतर येते. रफाराचे याच्या उलट. ‘स्थिती’, ‘मूर्ती’ असे शब्द म्हणूनच हटकून बिघडतात. फाँटच हरवला असेल आणि छापील प्रत हाती असेल, तर पाने स्कॅन करून अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडे द्यावीत. ‘टेसरॅक्ट’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर मराठी ओळखते.

तिसरे काम लिहिताना पाळायच्या शिस्तीचे. युनिकोडमध्येही एकच शब्द दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहीत. त्यामुळे ‘ॲरिस्टॉटल’ एका रूपात शोधला तर दुसऱ्या रूपातले उल्लेख निसटू शकतात. दोन्ही रूपे शोधावीत, आणि आपल्या लेखनात एकच पाळावे. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची सवयही अशीच घातक. ‘दुःख’ डोळ्यांना ठीक दिसते, संगणकाला मात्र शब्द तुटलेला दिसतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, हा भेद राखायचा तर ‘ऱ’ची कळ माहीत हवी. इन्स्क्रिप्टमध्ये ती ‘र’च्याच कळेवर शिफ्टसह आहे. ज्यांना उच्चारानुसार लिहिणे सोयीचे वाटते, त्यांच्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कळफलकही आला.

चौथे काम जपणुकीचे. नोटपॅडमध्ये फाइल साठवताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ आहे ना, हे पाहावे. जुन्या आवृत्त्यांत ‘आन्सी’ हा पर्याय आपोआप निवडलेला असे. त्यात साठवलेल्या मराठीची प्रश्नचिन्हे होतात आणि त्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षरे कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत. महत्त्वाच्या लेखनाच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर. फ्लॉपीवर असेल ते आजच उतरवून घ्यावे. सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपीचे उत्पादन थांबवले. ती वाचणारी यंत्रेही आता शोधावी लागतात. फाइलला ‘लेख१’, ‘नवीन’, ‘अंतिम’ अशी नावे न देता शीर्षक आणि वर्ष द्यावे. लिब्रे ऑफिस हे विनामूल्य सॉफ्टवेअर जुन्या स्वरूपातील अनेक फाइली उघडते, तेही घरी असू द्यावे.

मराठी विभागांना यातून एक सोपे कार्य घेता येईल. शोधगंगेसारख्या प्रकल्पामुळे प्रबंध सर्वांना पाहता येतात. पण पाहता येणे वेगळे आणि त्यात शब्द शोधता येणे वेगळे. स्कॅन केलेल्या किंवा जुन्या फाँटांतल्या पानांत एखादी संज्ञा शोधायची तर पान पान चाळावे लागते. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका लेखकाच्या, एका मंडळाच्या किंवा एका बंद पडलेल्या अनियतकालिकाच्या फाइली त्यांच्या परवानगीने युनिकोडमध्ये आणल्या, तर तो प्रकल्प म्हणून गणला जाण्यास आमच्या मते पुरेपूर पात्र आहे. त्यात लिपीचे ज्ञान लागते, पाठभेदांची नजर लागते आणि चिकाटीही लागते. हस्तलिखिते जमवत गावोगाव हिंडलेल्या संशोधकांचे काम याहून वेगळे नव्हते. फरक इतकाच की त्यांच्या पोथ्यांना काही शतके मिळाली होती. आपल्या फाइलींना तितकी सवड नाही. ज्या संगणकावर त्या आहेत, तो सुरू होत आहे तोवरच हे काम उरकले पाहिजे.