स्थानदोष, डेटा-नकाशांतील

आकडेवारी नकाशावर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी नोंद भलत्याच जागी दिसते किंवा नकाशावरून साफ गळते, तेव्हा त्याला स्थानदोष म्हणता येईल. पॉवर बीआय, टॅब्लो, लुकर स्टुडिओ, क्यूजीआयएस यांपैकी काहीही वापरणाऱ्याला तो केव्हा ना केव्हा भेटतोच. पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. बहुतेक वेळा मात्र चूक आपणच पुरवलेल्या नावात, कोडात किंवा आकड्यात असते. ती शोधायची सर्वांत भरवशाची वाट म्हणजे चुकलेला बिंदू नेमका कुठे जाऊन पडला ते आधी पाहणे. चुकीचा प्रत्येक प्रकार बिंदूला बहुधा आपल्या ठरलेल्या जागी नेऊन टाकतो.

सॉफ्टवेअरला ठिकाण कळण्याच्या वाटा तीन. एक, अक्षांश-रेखांशाचे आकडे थेट देणे. दुसरी, गावाचे नाव किंवा पत्ता देणे. मग सॉफ्टवेअर स्वतःच्या यादीतून किंवा एखाद्या नकाशासेवेकडून त्याचे अक्षांश-रेखांश मिळवते. याला भूसंकेतन म्हणतात. तिसरी, जिल्ह्यांच्या वा तालुक्यांच्या हद्दींची तयार फाइल घेऊन आपला तक्ता तिच्याशी नावाने किंवा कोडाने जोडणे. दोष कोणत्या वाटेवरचा आहे हे कळले की अर्धे काम झाले.

आकड्यांचे दोष ओळखायला सोपे आहेत. पुण्याचे अक्षांश १८.५२ उत्तर आणि रेखांश ७३.८६ पूर्व. या दोन रकान्यांची अदलाबदल झाली तर बिंदू आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात पडतो. नागपूरच्या बाबतीत हेच घडले तर तो स्वालबार द्वीपसमूहात जातो. महाराष्ट्राचा डेटा नॉर्वेच्या वर दिसू लागला की दुसरे काही तपासण्याआधी रकाने पाहावेत. या अदलाबदलीमागे बेपर्वाई असतेच असे नाही. गूगल मॅप्सवरून उचललेल्या जोडीत अक्षांश आधी येतो, तर जिओजेसन आणि केएमएल या फाइलप्रकारांत रेखांश आधी लिहायचा नियम आहे.

बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात पडला तर रिकाम्या रकान्यांचे शून्य झाले असे समजावे. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे भेटतात तिथे जमीन नाही, हवामानाच्या नोंदी घेणारा एक तरंगता बोया आहे. नकाशाकारांनी या जागेला ‘नल आयलंड’ असे नाव दिले आहे. जगभरातल्या तक्त्यांमधले न भरलेले पत्ते इथे गोळा होतात.

बिंदू योग्य जिल्ह्याच्या जवळपास पण तीस-चाळीस किलोमीटर सरकून पडला, तर अंश-मिनिटांचा घोळ असण्याची शक्यता मोठी. जुन्या पुस्तकांत पुण्याचे स्थान १८ अंश ३१ मिनिटे उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटे पूर्व असे दिलेले असते. ते कोणी १८.३१ आणि ७३.५१ असे टंकले, तर पुणे सुमारे ४३ किलोमीटर नैर्ऋत्येला सरकते आणि रायगड किल्ल्याच्या ईशान्येस, सह्याद्रीच्या कड्याच्या आसपास जाऊन बसते. मिनिटांना ६० ने भागायचे असते. ३१ मिनिटे म्हणजे ०.५१७ अंश. ही चूक घातक आहे, कारण बिंदू महाराष्ट्रातच राहतो आणि लांबून पाहणाऱ्याला काही वावगे दिसत नाही.

सगळेच बिंदू एकाच दिशेने, सारख्याच अंतराने सरकले असतील तर नावांचा काही संबंध नाही. तिथे प्रक्षेपण किंवा संदर्भप्रणाली पाहावी. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. महाराष्ट्राचा बहुतांश भाग ४३ व्या पट्ट्यात येतो. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेचा विदर्भ, म्हणजे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, ४४ व्या पट्ट्यात. ४४ व्या पट्ट्यातले आकडे ४३ व्या पट्ट्याचे म्हणून वाचले तर नागपूर अक्षांश न बदलता सहा अंश पश्चिमेला सरकते आणि गुजरातेत बारडोलीजवळ उमटते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांचा आधार एव्हरेस्टचा लंबगोल होता, तर उपग्रहांवर चालणारी आजची साधने डब्ल्यूजीएस ८४ ही प्रणाली वापरतात. रूपांतर न करता हे दोन थर एकावर एक ठेवले, तर शंभरेक मीटरचा फरक पडतो. जिल्ह्यांच्या नकाशात तो दिसणार नाही. विहिरींच्या किंवा गटांच्या नकाशात मात्र एकाची विहीर दुसऱ्याच्या शेतात जाते. शेप फाइल घेताना तिच्यासोबतची ‘पीआरजे’ फाइल मागे राहिली, तर सॉफ्टवेअरला प्रणाली अंदाजाने धरावी लागते. म्हणून ही जोडफाइल हटकून सोबत ठेवावी.

खरा गुंता नावांचा आहे. ‘गोवा’ एवढेच रोमन अक्षरांत लिहून पाठवले आणि देश सांगितला नाही, तर फिलिपाइन्समध्येही गोवा नावाचे गाव आहे. राज्यांची वाहन-नोंदणीतली आद्याक्षरे टंकण्याची सवय आणखी नडते. महाराष्ट्राचे ‘एमएच’ हे आंतरराष्ट्रीय देशसंकेतांत मार्शल बेटांचे चिन्ह आहे. गोव्याचे ‘जीए’ गॅबॉनचे आहे, शिवाय अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचेही. भारताचे ‘आयएन’ म्हणजे अमेरिकेत इंडियाना. पिनकोडही एकटा पुरत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पण सहा अंकी टपाल क्रमांक चीन, रशिया आणि सिंगापूरमध्येही आहेत. उपाय एकच. नाव कधी एकटे पाठवू नये. तालुका, जिल्हा, राज्य आणि देश एकाच रकान्यात जोडून पूर्ण पत्ता करावा. पॉवर बीआयमध्ये प्रत्येक रकान्याला शहर, राज्य, देश अशी वर्गवारी देता येते. टॅब्लोमध्ये न ओळखलेल्या ठिकाणांची संख्या नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दिसते आणि तिथूनच देश-राज्य ठरवता येते. तो लहानसा आकडा लपवण्याचीही सोय आहे. ती वापरू नये, कारण हरवलेली गावे तेवढ्याच एका जागी मोजलेली असतात.

देश-राज्य नीट दिले तरी नामसाधर्म्य संपत नाही. खेड पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडात आणि अहिल्यानगरमध्ये, मालेगाव नाशिक आणि वाशिममध्ये, कळंब धाराशिव आणि यवतमाळमध्ये, कारंजा वाशिम आणि वर्ध्यामध्ये. दोन्ही खेडांच्या नोंदी ‘खेड’ या एकाच नावाखाली आल्या आणि सॉफ्टवेअरने त्यांच्या अक्षांश-रेखांशांची सरासरी काढली, तर बिंदू दोघांच्या मध्ये, वेल्ह्याच्या डोंगरात तोरण्याच्या आसपास पडतो. तिथे कोणतेच खेड नाही. म्हणून अक्षांश-रेखांशाच्या रकान्यांवरची बेरीज आणि सरासरी आधी बंद करावी. गावपातळीवर उतरले की अडचण वाढते. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी, वडगाव मावळ आहेत, आणि महसुली कागदांत बुद्रुकचे ‘बु॥’ तर खुर्दचे ‘खु॥’ होते. हे संक्षेप कोणत्याही नकाशासेवेला उलगडत नाहीत. ते आधी पूर्ण लिहून काढावे लागतात.

हद्दींची फाइल जोडताना दोषाचे रूप बदलते. तिथे बिंदू भलतीकडे पडत नाही; अख्खा जिल्हा किंवा तालुका कोरा राहतो. कोरा भाग पाहून ‘इथे काही घडलेच नाही’ असा समज होतो, आणि पाणीटंचाईच्या किंवा लसीकरणाच्या नकाशात असा समज फार महाग पडू शकतो. कारण साधे असते: दोन तक्त्यांतले नाव अक्षरशः एक नसते. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याचे रोमन लेखन छत्तीसगडच्या रायगढसारखेच आहे. बीड, गोंदिया, बुलढाणा यांच्या रोमन लेखनाची दोन-दोन रूपे सरकारी कागदांतच सापडतात. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी हद्दींच्या फाइली जुन्या नावांनीच फिरत आहेत. वर औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. जुन्या फाइलीत पालघरही नसते, कारण तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. अशा नकाशात वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा ठाण्याच्या रंगात रंगतात आणि पालघरच्या आकड्यांना जागाच उरत नाही. आकडेवारी ज्या वर्षाची, हद्दीही त्याच वर्षाच्या हव्यात. तेलंगण नसलेला किंवा लडाख वेगळा न दाखवणारा नकाशा याच जातीचा.

देवनागरीत आणखी एक खोड आहे, ती डोळ्यांना दिसतच नाही. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर शब्द हुबेहूब सारखा दिसतो, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. तक्त्यात एक रूप आणि हद्दींच्या फाइलीत दुसरे असले की कऱ्हाड तालुका कोरा राहतो, आणि माणूस तासभर दोन्ही नावे शेजारी ठेवून बघत बसतो. अशा वेळी दोन्ही शब्दांची वर्णसंख्या मोजणारे सूत्र चालवावे. पहिल्यात सहा चिन्हे भरतात, दुसऱ्यात सात. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही याच सूत्राने सापडते. युनिकोडपूर्वीच्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधला मजकूर तर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा ढीग असतो. तो आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय जुळवणीला बसू नये.

या सगळ्यावरचा टिकाऊ इलाज म्हणजे नावाने न जोडता कोडाने जोडणे. जनगणनेने २०११ मध्ये महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांना ४९७ ते ५३१ हे क्रमांक दिले. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हा, तालुका आणि गावांना वेगळे कोड आहेत. एका फाइलीत पहिले आणि दुसऱ्या फाइलीत दुसरे असे मिसळू नयेत. एक्सेल कोडांना संख्या समजून सुरुवातीचे शून्य खाऊन टाकते, त्यामुळे कोडाचा रकाना मजकूर म्हणूनच ठेवावा.

सर्वांत फसवा दोष मात्र नकाशावर नीटनेटका दिसतो. पत्ता पुरता सापडला नाही की काही सेवा शहराचा, राज्याचा किंवा देशाचा मध्यबिंदू देऊन मोकळ्या होतात. अमेरिकेत इंटरनेट-पत्त्यांचे स्थान सांगणाऱ्या एका व्यवस्थेने ‘देश कळला, पुढचे नाही’ अशा सगळ्या नोंदींना ३८ उत्तर, ९७ पश्चिम हा बिंदू दिला होता. तिथे कॅन्सस राज्यातले एक शेत होते आणि त्या घरी पोलीस व अनोळखी माणसे वर्षानुवर्षे चौकशीला येत राहिली. हे प्रकरण २०१६ मध्ये उघड झाले. आपल्या तक्त्यात एकच अक्षांश-रेखांश अनेक वेगवेगळ्या पत्त्यांना चिकटला आहे का, हे मोजून पाहिले की असे बिंदू हाती लागतात. दशांशस्थळेही बोलकी असतात. एक दशांशस्थळ म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, चार म्हणजे ११ मीटर, १८.५ आणि ७३.९ एवढेच लिहिलेला बिंदू घराचा असूच शकत नाही.

नकाशा प्रसिद्ध करण्यापूर्वीची तपासणी थोडक्यात करता येते. महाराष्ट्र अंदाजे १५.६ ते २२.१ उत्तर अक्षांश आणि ७२.६ ते ८०.९ पूर्व रेखांश यांच्यात मावतो; या चौकटीबाहेरच्या नोंदी एका सूत्राने गाळून काढाव्यात. आतल्या चुकांसाठी पिनकोडाशी ताळा घ्यावा. पुण्याच्या खेडचा ४१०५०५, रत्नागिरीच्या खेडचा ४१५७०९. चूक सापडली की नकाशावरचा बिंदू हाताने ओढून जागेवर आणू नये; दुरुस्ती मूळ तक्त्यात करावी, नाहीतर पुढच्या महिन्याचा डेटा भरताच खेड पुन्हा तोरण्यावर जाते.